खोटं, बनावट आणि 'म्हणे': संशयाचे क्रोएशियन आणि इंग्रजी शब्द

झाग्रेबकर (धागाकर्ती)

मंडळी, मी झाग्रेबमध्ये राहते आणि क्रोएशियनमधून मराठीत-इंग्रजीत भाषांतरं करते. सध्या हातात जुन्या वस्तूंच्या एका संग्रहाची सूची आहे. वस्तू खरी की खोटी याबद्दल त्यात इतके वेगवेगळे शेरे आहेत, की सगळ्यांना 'बनावट' म्हणून मोकळं होणं म्हणजे काही वस्तूंवर चक्क अन्याय होईल. म्हणून हा धागा. क्रोएशियन उच्चार जमतील तसे देवनागरीत देते आहे.

कायद्याच्या पुस्तकातला शब्द आहे क्रिवोत्वोरिना. 'क्रिव' म्हणजे वाकडं, चुकीचं. 'त्वोरिती' म्हणजे घडवणं. खोट्या नोटा, खोटे दस्तऐवज, खोट्या सह्या सगळ्या यात आल्या. त्याच्या शेजारचा शब्द पात्वोरिना. यातला 'पा' दुय्यमपणा दाखवतो. सावत्र मुलीला 'पास्तोर्का' म्हणतात, तिथलाही 'पा' हाच. पात्वोरिना जास्त करून खाण्यापिण्याच्या बाबतीत दिसतो: पाणी घातलेली वाइन, साखरेचा पाक मिसळलेला मध. आपली भेसळ. आणखी एक आहे पोद्मेत्नुतो, म्हणजे खालून सरकवलेलं, दुसऱ्याच्या गळ्यात घातलेलं. कोकिळेच्या अंड्याला, 'कुकाविच्ये याये'ला, हेच क्रियापद चालतं.

इथवर ठीक. हे शब्द वस्तूवर काय प्रयोग झाला ते सांगतात. पण क्रोएशियनमध्ये दुसरं एक मोठं खानदान आहे, ते वस्तूबद्दल काहीच बोलत नाही. ते सांगतं, 'असं कोण म्हणतंय'. नावोद्नो म्हणजे 'असं सांगितलं जातं'. मूळ शब्द नावोद, म्हणजे अवतरण, उद्धृत. म्हणूनच अवतरणचिन्हांना म्हणतात नावोद्नित्सी. एखाद्याला 'नावोद्नी तज्ज्ञ' म्हटलं की मी फक्त दुसऱ्याचं म्हणणं पोचवलं, त्यात माझा शेरा नाही. तोबोझे म्हटलं की मात्र मी तोंड वाकडं केलंय. 'तो तोबोझे आजारी आहे' याचा अर्थ तो ठणठणीत आहे आणि ते मला माहीत आहे.

'झ्वाती' म्हणजे हाक मारणे, नाव घेऊन बोलावणे, यावरूनही तीन शब्द. ताकोझ्वानी: असं म्हटला जाणारा. सामोझ्वानी: स्वतःच स्वतःला म्हणवणारा. आणि नाझोवी, हे सरळ आज्ञार्थी रूपच, 'म्हण त्याला!'. नाझोवी-कवी म्हणजे म्हणायचा म्हणून कवी. हे झ्वाती संस्कृतच्या 'ह्वे' धातूचं चुलत भावंड आहे, म्हणजे आपल्या 'आह्वान'चं.

माझी खरी अडचण तिसऱ्या प्रकाराची आहे. सूचीत काही वस्तूंपुढे शेरा येतो: द्वोय्बेने व्येरोदोस्तोय्नोस्ती. 'व्येरा' म्हणजे विश्वास, 'दोस्तोयान' म्हणजे पात्र. तेव्हा दुसरा शब्द आपल्या 'विश्वासार्हता'सारखाच, तंतोतंत त्याच बांधणीचा. द्वोय्बेन मध्ये 'दोन' आहेत: मन दोन्हीकडे जातंय, निकाल लागलेला नाही. इंग्रजी 'डाउट' ज्या लॅटिन शब्दातून आला त्याच्याही पोटात 'दोन'च आहेत. वस्तू खोटी आहे असं इथे कोणी म्हणत नाहीये. याला मराठीत काय म्हणाल?

---

पितळखोरा

मस्त धागा. 'संशयास्पद' का नको?

---

झाग्रेबकर

'संशयास्पद' म्हटलं की पोलीस आले. बेवारस बॅग संशयास्पद असते. त्यासाठी इकडे वेगळा शब्द आहे, सुम्न्यिव. सूचीतल्या हस्तिदंती डबीने काही गुन्हा केलेला नाही, तिचं वय तेवढं ठरत नाहीये.

---

कथलाचा_वाळा

माझं नावच या धाग्यासाठी घेतलंय असं वाटतंय. नाव सोनूबाई आणि हाती...

इंग्रजीकडून थोडी भर. इंग्रजीत या खात्यात शिरलं की व्याकरण कमी आणि माणसं-गावं जास्त भेटतात. पिंचबेक नावाचा एक घड्याळजी १८व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये होता. तांबं आणि जस्त ठरावीक प्रमाणात मिसळून त्याने सोन्यासारखा दिसणारा धातू काढला. लोक प्रवासाला निघताना खऱ्या दागिन्यांऐवजी ते घालत. बिचाऱ्याने कोणाला फसवलं नव्हतं, धातू स्वतःच्या नावानेच विकला होता. पण पुढे 'पिंचबेक' म्हणजेच नकली असं होऊन बसलं. तांबं अधिक जस्त म्हणजे शेवटी पितळच की. आपल्याकडे पितळ उघडं पडतं, तिकडे पिंचबेक.

ब्रमाजम हा बर्मिंगहॅमचाच बोलीतला उच्चार. १७व्या शतकात तिथे खोटी चांदीची नाणी पाडली जात, म्हणून शहराचं नाव खोटेपणाला चिकटलं. बोगस अमेरिकेतला. १८२७ साली ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात हा शब्द सापडतो, तोही खोट्या नाण्यांसाठी नाही तर ती पाडणाऱ्या यंत्रासाठी! यंत्राचं नाव आधी मालाला आणि मग साऱ्या जगाला लागलं.

फोनी ची गोष्ट मला सगळ्यात आवडते. आयरिश भाषेत अंगठीला 'फॉन्या' म्हणतात. इंग्रज भामट्यांच्या बोलीत त्याचं 'फॉनी' झालं. सोन्याचा मुलामा दिलेली पितळी अंगठी रस्त्यात टाकायची, सावज आलं की 'अरे, सापडली!' म्हणून उचलायची, आणि 'मला पैशाची नड आहे, तुम्हीच ठेवा' म्हणत त्याच्या गळ्यात मारायची. बहुतेक शब्दकोश 'फोनी'चं मूळ इथेच धरतात.

---

भातुकली

हे तर आपल्याकडचं सोन्याचं बिस्किट! बसस्टँडवर अजून चालतं. वयस्कर बायकांना गाठतात.

---

अनुस्वार

ब्रमाजमवरून उल्हासनगर आठवलं नाही असा माणूस ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फरक इतकाच की आमच्याकडे तो विनोद राहिला, शब्दकोशात गेला नाही.

'बोगस' मात्र आपण असा काही उचललाय की ओहायोवाल्यांना त्यावर हक्क सांगता येऊ नये. बोगस बियाणं, बोगस मतदार, बोगस डॉक्टर, बोगस सातबारा. खेड्यातला माणूसही सहज म्हणतो, 'पिक्चर एकदम बोगस', म्हणजे तिथे खरंखोटं राहिलंच नाही, नुसता टाकाऊ. 'डुप्लिकेट'चंही तसंच. इंग्रजीत डुप्लिकेट किल्ली म्हणजे दुसरी, चालणारी किल्ली. मराठीत डुप्लिकेट पार्ट म्हणजे कंपनीचा नसलेला, दोन महिन्यांत मोडणारा. किल्लीबाबत आपण दोन्ही अर्थ एकाच वाक्यात वापरतो आणि तरी कोणाचा गोंधळ होत नाही.

---

निमसरकारी

धागाकर्तीच्या ताकोझ्वानीबद्दल एक शंका. ताको म्हणजे 'तसं' आणि झ्वानी म्हणजे 'म्हटलेलं' असेल तर हा शब्दशः आपला 'तथाकथित' झाला. मग अडचण काय?

---

झाग्रेबकर

अडचण तिथेच आहे! बांधणी एक, स्वभाव वेगळे. क्रोएशियनमध्ये ताकोझ्वानीचं संक्षिप्त रूप आहे, छापील मजकुरात ते पावलोपावली येतं आणि बहुतेक वेळा अगदी निर्विष असतं. 'ज्याला अमुक म्हणतात तो' एवढाच अर्थ. शास्त्राच्या पुस्तकात नवी संज्ञा आली की तिच्यापुढे हे लागतं. इंग्रजी 'सो-कॉल्ड' दोन्हीकडे पाय ठेवून असतो. पण मराठी 'तथाकथित' नेहमी चावतो. 'तथाकथित कृष्णविवर' लिहिलं तर वाचकाला वाटेल लेखक कृष्णविवरं मानतच नाही.

उलट वर्तमानपत्री 'कथित' हा मात्र नावोद्नीचा जुळा भाऊ आहे. 'कथित आरोपी', 'कथित घोटाळा'. वार्ताहर स्वतःला बाजूला ठेवतो. म्हणजे 'कथित' आणि 'तथाकथित' यांत एका 'तथा'ने केवढा फरक पडला बघा.

---

आडकित्ता

आणि साधा 'म्हणे' विसरलात! 'तो म्हणे अमेरिकेला चाललाय.' सुरावर सगळं. सपाट म्हटलं तर नावोद्नो, भुवई वर करून म्हटलं तर तोबोझे. लिहिताना भुवई दाखवता येत नाही ही लिपीची मर्यादा.

अवांतर: डॉक्टरांसाठी काही खास शब्द आहे का तिकडे?

---

झाग्रेबकर

आहे ना. नाद्रिलिएच्निक. लिएच्निक म्हणजे डॉक्टर, आणि 'नाद्री' हा उपसर्ग पात्रता नसताना धंदा करणाऱ्यांसाठीच राखून ठेवलेला. दंडसंहितेत गुन्ह्याचं अधिकृत नावच ते आहे. तसाच नाद्रिपिसार, परवाना नसताना लोकांची कायदेशीर कागदपत्रं लिहून पैसे घेणारा. तोही दंडसंहितेत आहे. कचेरीबाहेर टेबल टाकून बसणारे आठवले का?

भाषांतरात याला 'वैदू' म्हणू नका, अशी विनंती. वैदू ही जमात आहे, तिचं नाव शिवीसारखं वापरायचं कारण नाही. 'भोंदू वैद्य' किंवा अनुस्वार म्हणतात तसा 'बोगस डॉक्टर' चालेल.

---

पितळखोरा

अस्सल क्रोएशियन म्हणी टाका की. शब्दकोश फार झाला.

---

झाग्रेबकर

घ्या. 'शिंग मेणबत्ती म्हणून विकणं.' अंधाऱ्या दुकानात दोन्ही सारखीच दिसत असणार. राजकारण्यांवरच्या लेखात ही म्हण हमखास असते. 'पोत्यातला बोका विकत घेणं', म्हणजे न बघता घेतलेला माल. 'धुकं विकणं', हे सल्लागार लोकांबद्दल. आणि तिघांचाही बाप: 'मुदा पोद बुब्रेगे', म्हणजे प्राण्याचे, काय म्हणू, वृषण मूत्रपिंड म्हणून विकणं. खाटकाकडे त्या भागाला सभ्यपणे 'पांढरी मूत्रपिंडं'च म्हणतात.

चौकातल्या ठकसेनांना शिबित्सारी म्हणतात. शिबित्सा म्हणजे आगकाडी. तीन काडेपेट्या, एक गोळी, कुठल्या पेटीखाली आहे ओळखा. आजूबाजूला जिंकणारे सगळे त्यांचेच लोक.

---

अनुस्वार

मुंबईत हा घोटाळा होऊच शकत नाही. तिथे गुर्दा-कपुरा एकाच तव्यावर, एकाच प्लेटीत आणि नावानिशी देतात.

---

ओवीकार

इथे थोडं गंभीर लिहितो. 'खोटं' आणि 'अनिश्चित' यांच्या मधल्या जागेसाठी मराठी पोथ्यांच्या अभ्यासात शब्द आहेत. प्रक्षिप्त म्हणजे नंतर कोणीतरी घुसडलेलं. इथे ओवी खोटी नसते, ती त्या ग्रंथात असणं खोटं असतं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती यासाठीच, आणि वर ताकीद दिली की यात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. तुमचा पोद्मेत्नुतो तो हाच.

दुसरा प्रकार नामदेवांच्या गाथेतला. विष्णुदास नामा हा नंतरच्या काळातला कवी, नाममुद्रा तीच. त्याचे अभंग नामदेवांच्या नावावर मिसळून गेले. इथे कोणी फसवलं नाही. लेखनिकाने 'नामा म्हणे' वाचलं आणि त्याला एकच नामा ठाऊक होता. याला क्रिवोत्वोरिना म्हणणं चूक. अशा वेळी सूचीवाले काय लिहितात?

---

झाग्रेबकर

प्रश्न नेमका आहे. तिथे शब्द येतो प्रिपिसानो. 'पिसाती' म्हणजे लिहिणे. 'च्या नावावर लिहिलेलं'. इंग्रजीत 'अट्रिब्यूटेड टू'.

चित्रांच्या बाजारात तर याची पूर्ण उतरंड आहे आणि प्रत्येक पायरीला किंमत धडाधड खाली येते. नुसतं रूबेन्स लिहिलं की चित्र त्याचं. मग 'रूबेन्सच्या नावावर', मग 'रादियोनित्सा' म्हणजे त्याच्या कारखान्यातलं, मग 'क्रूग', त्याच्या वर्तुळातलं, मग 'स्ल्येद्बेनिक', अनुयायाचं, आणि शेवटी नुसती त्याच्या चित्रावरून केलेली नक्कल. इंग्रजीत वर्कशॉप ऑफ, सर्कल ऑफ, फॉलोअर ऑफ, आफ्टर. मी मराठीत सध्या असं करते आहे: 'यांच्या हातचं असावं', 'यांच्या हाताखालचं', 'यांच्या प्रभावळीतलं', 'यांच्या वळणाचं', 'यांच्यावरून काढलेलं'.

झाग्रेबमध्ये या शब्दांना धार आली ती मिमारा संग्रहालयामुळे. आंते तोपिच मिमारा हे गूढ गृहस्थ. आयुष्यभर युरोपात फिरून वस्तू जमवल्या, कशा जमवल्या याच्या कहाण्याच जास्त. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींनी लुटलेल्या कलावस्तू म्युनिकमध्ये गोळा करून परत दिल्या जात होत्या. तिथे युगोस्लाव्हियाच्या वतीने जाऊन ते बरंच काही घेऊन आले, आणि त्यातल्या किती वस्तू खरोखर युगोस्लाव्हियाच्या होत्या यावर नंतर रण माजलं. संग्रह त्यांनी देशाला दिला, १९८७ साली संग्रहालय उघडलं, त्याच वर्षी ते वारले. आत पाट्या मोठमोठ्या: रफाएल, वेलाझ्केझ, रेम्ब्रां. तज्ज्ञांनी त्यांतल्या कितीतरी पाट्यांवर बोट ठेवलं. गंमत म्हणजे खुद्द या माणसाचं नाव आणि जन्म यांबद्दलही वाद आहेत. संग्राहकच द्वोय्बेन. २०२०च्या भूकंपात त्या इमारतीचं बरंच नुकसान झालं.

इथले लोक मात्र सगळा संग्रह एका फटक्यात उडवून लावत नाहीत, आणि मला ते योग्य वाटतं. काचेच्या वस्तू, हस्तिदंती कोरीवकाम, कापड यांचे विभाग वेगळ्या नजरेने बघायला हवेत. मोठ्या नावांची पाटी खोटी निघाली म्हणून खालचं चित्र वाईट ठरत नाही.

---

सायलेंट_वाचक

मुळात नक्कल म्हणजे कमी प्रतीचं हेच मला पटत नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या १९व्या शतकात केलेल्या कितीतरी नकला लंडनला जळून गेल्या, त्याची हळहळ अभ्यासकांना अजून आहे.

---

झाग्रेबकर

अगदी. क्रोएशियाचं सगळ्यात लाडकं प्राचीन शिल्प मुळात नक्कलच आहे. लोशिन बेटाजवळ समुद्रात ४५ मीटर खोल एका बेल्जियन पाणबुड्याला काशाचा पुतळा दिसला. एप्रिल १९९९ मध्ये तो वर काढला. व्यायामानंतर अंगावरचं तेल आणि धूळ खरवडून काढणारा तरुण मल्ल, उंची १९२ सेंटीमीटर, जवळजवळ संपूर्ण. मूळ ग्रीक शिल्प इसवी सनापूर्वी ४थ्या शतकातलं मानतात, ते हरवलंय. हा पुतळा त्यानंतर काही शतकांनी ओतलेली प्रत. स्वच्छ करताना पोटात उंदराच्या घरट्याचे अवशेषही निघाले. २०१६ पासून माली लोशिन गावात या एकाच पुतळ्यासाठी अख्खं संग्रहालय आहे. त्याला कोणी पात्वोरिना म्हणून बघावं!

मूळ प्रतीला क्रोएशियनमध्ये इझ्वोर्निक म्हणतात. इझ्वोर म्हणजे झरा. आपण मुळाकडे जातो, ते उगमाकडे. आणि सरकारी कचेरीत लागते ती 'ओव्येरेना प्रेस्लिका', साक्षांकित झेरॉक्स. त्या ओव्येरेनामध्येही विश्वासाचा 'व्येरा' बसलाय.

---

कथलाचा_वाळा

ओवीकारांच्या प्रक्षिप्तला इंग्रजी जोड द्यायची तर स्प्युरिअस. लॅटिनमध्ये अनौरस संतती. आपला 'कमअस्सल' याच वळणाचा, कारण अरबी 'असल' म्हणजे मूळ, कुळ. ग्रंथाचा बाप कोण, हा प्रश्न दोन्हीकडे. आणि अपॉक्रिफल म्हणजे मुळात 'लपवलेलं', धर्मग्रंथात न घेतलेलं. आता ज्या गोष्टी फार छान जुळतात म्हणून सांगितल्या जातात त्यांना म्हणतात. उदाहरणार्थ, 'सिन्सिअर' शब्द 'मेण न लावलेला पुतळा' यावरून आला, ही गोष्ट स्वतःच अपॉक्रिफल आहे.

जाता जाता शॉडी. लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढायची रीत इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या बॅटलीत १८१३ च्या सुमाराला सुरू झाली, त्या सुताचं नाव शॉडी. अमेरिकन यादवी युद्धात त्याचे गणवेश सैनिकांच्या अंगावरच विरले आणि शब्दाला कलंक लागला. जगातला शॉडी सुताचा मोठा धंदा आज कुठे आहे? पानिपतात.

---

निमसरकारी

पानिपत निघालंच आहे तर तोतया राहिला! सदाशिवरावभाऊंचा तोतया. १७६१ च्या रणात भाऊ पडले की नाही यावर शंका, पार्वतीबाई वैधव्य मानायला तयार नाहीत, आणि मग 'मीच भाऊ' म्हणणारा उभा राहिला. सरदारांनीही त्याला साथ दिली. १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. मराठीत व्यक्तीच्या खोटेपणासाठी इतका नेमका शब्द दुसरा नाही.

---

झाग्रेबकर

वा! याच सुमाराला क्रोएशियाच्या खालच्या अंगाला, मॉन्टेनेग्रोत, असाच प्रकार चालू होता. श्चेपान माली, म्हणजे छोटा श्चेपान, या अनोळखी माणसाबद्दल बोलवा उठली की हाच रशियाचा मेलेला झार तिसरा पीटर. त्याने नाकारलं नाही. १७६७ ते १७७३ तो तिथला सत्ताधीश होता. सूडाच्या खुनांना त्याने जरब बसवली, भांडखोर कुळांना एकत्र आणलं, आणि शेवटी तुर्की पाशाने फितवलेल्या नोकराने त्याचा जीव घेतला. इतिहासात त्याचं नाव 'लाझ्नी त्सार', खोटा झार. झार खोटा, राज्य खरं. पुण्यातल्या तोतयाला तेवढी संधी मिळाली नाही.

सामोझ्वानात्स हा शब्द अशांसाठीच, स्वतःच स्वतःला नाव दिलेला.

आणि ओवीकार, कागदपत्रांबद्दल म्हणाल तर क्रोएशियाच्या इतिहासातलं सगळ्यात वादग्रस्त कलम म्हणजे 'पाक्ता कोन्वेन्ता'. ११०२ मध्ये हंगेरीचा राजा कोलोमन आणि क्रोएशियाच्या बारा कुळांचे प्रमुख यांच्यात करार झाला, असं तो मजकूर सांगतो. कुळांच्या जमिनी त्यांच्याकडेच राहतील, राजाने बोलावलं तर ते लढायला येतील, द्रावा नदीपर्यंत स्वखर्चाने आणि नदीपलीकडे राजाच्या खर्चाने. हे कलम महत्त्वाचं, कारण पुढे १९१८ पर्यंत क्रोएशिया हंगेरीच्या मुकुटाला जोडलेला राहिला आणि 'आम्ही जिंकले गेलो नाही, करार करून आलो' हा दावा यावर उभा होता. पण हाती असलेला मजकूर १४व्या शतकातला. भाषा, तपशील बघून बरेच इतिहासकार म्हणतात की ११०२ चा हा करारनामा नव्हे. तरी त्यात सांगितलेले संबंध प्रत्यक्षात बरेचसे तसेच होते.

आता याला काय म्हणायचं? बनावट म्हटलं तर हंगेरियन राष्ट्रवादी खूश, अस्सल म्हटलं तर क्रोएशियन. म्हणूनच द्वोय्बेन शब्द मला इतका हवा आहे.

---

देवगडी

आंब्याच्या पेटीत वरचा थर देवगडचा आणि खालचे दोन कर्नाटकचे, याला काय म्हणतात तिकडे? २०१८ साली जीआय मिळूनही मार्केटात तेच चालू आहे.

---

झाग्रेबकर

पात्वोरिना. पेटीवर देवगडचा छापही खोटा असेल तर क्रिवोत्वोरिनाही. दोन कलमं लागतील.

इकडे उलटा तंटा आहे. दाल्मेशियात वाळवलेल्या द्राक्षांची गोड वाइन करतात, प्रोशेक. इटलीत फेसाळती प्रोसेक्को. चव, रंग, पद्धत, काही सारखं नाही, फक्त नाव कानाला जवळचं. २०२१ मध्ये प्रोशेकला युरोपीय संघाचं संरक्षण देण्याचा अर्ज पुढे आला तेव्हा इटलीने आकाशपाताळ एक केलं. कोण कोणाची नक्कल करतंय म्हणे!

---

भातुकली

नकली कॉफीला काय म्हणतात? आजी चिकोरीच्या कॉफीला नाक मुरडायची.

---

झाग्रेबकर

नादोम्येस्ताक, म्हणजे जागा भरून काढणारं. यात फसवणुकीचा वास नाही. जर्मन 'एरझाट्स'ही मुळात असाच साधा, सुट्या भागाला लागणारा शब्द. इंग्रजीत तो पहिल्या महायुद्धाच्या काळात रुळला आणि हलक्या मालाचा झाला. झाग्रेबमधला फ्रांक कारखाना १८९२ साली निघाला तोच मुळी कॉफीचे पर्याय करायला. त्यांची दिव्का, धान्य आणि चिकोरीची, अजून मिळते. लहान मुलांना दुधातून देतात, आणि मोठेपणी लोक ती आठवणीने मागून पितात.

---

म्हापशेकार

धागा गोव्याला न शिवता जाऊ देणार नाही. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीत साव ब्राझचं चर्च आहे. ते १६व्या शतकात क्रोएशियन व्यापाऱ्यांनी बांधलं, तिथे त्यांची मोठी वसाहत होती आणि चर्च दुब्रोव्निकच्या चर्चची हुबेहूब प्रतिकृती आहे, असं नेटवर सगळीकडे वाचायला मिळतं. तुमच्या शब्दांत हे कुठे बसतं? आम्हांला ऐकायला तर आवडतं.

---

झाग्रेबकर

इकडेही फार आवडतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून या चर्चची चर्चा आहे आणि क्रोएशियन पर्यटक गोव्यात ते शोधत जातात. दुव्याला आधार नाही असं नाही. सेंट ब्लेझ, इकडचा स्वेती व्लाहो, हा दुब्रोव्निकचा ग्रामदेव म्हणा ना. ३ फेब्रुवारीला त्याची मोठी मिरवणूक असते. दुब्रोव्निकचे व्यापारी दूरदूर जात होते, पोर्तुगीजांशी त्यांचे व्यवहार होते.

पण साव ब्राझ हा पोर्तुगीजांचाही लाडका संत. पोर्तुगालच्या दक्षिणेला त्याच्या नावाचं गावच आहे. तेव्हा नुसतं नाव पुरावा होत नाही. आणि 'हुबेहूब प्रतिकृती'चं तर गणितच बसत नाही. दुब्रोव्निकमध्ये आज जे चर्च दिसतं ते १७१५ साली पुरं झालेलं बरोक पद्धतीचं आहे. त्याआधीचं जुनं चर्च १७०६ च्या आगीत गेलं. १६व्या शतकात गोव्यात बांधणारा माणूस १८व्या शतकातल्या इमारतीची नक्कल कशी करील?

---

ओवीकार

जुन्या, जळालेल्या चर्चची नक्कल असू शकेल ना?

---

झाग्रेबकर

असू शकेल. पण मग आजच्या दोन इमारतींचे फोटो शेजारी ठेवून 'बघा किती सारखी' म्हणता येणार नाही, आणि लोक तेच करतात. वसाहत होती की नाही याचा निकाल जुन्या पोर्तुगीज कागदांत आणि दुब्रोव्निकच्या दफ्तरात लागेल. तिथली मृत्युपत्रं, व्यापारी करार शतकानुशतकं जपलेले आहेत.

---

म्हापशेकार

मग सूचीत आमच्या चर्चपुढे कोणता शेरा?

---

झाग्रेबकर

चर्चपुढे कोणताच नाही, चर्च अस्सल गोव्याचं आहे. बांधणाऱ्यांपुढे नावोद्नो. हुबेहूब प्रतिकृतीपुढे तोबोझे. आणि मूळ प्रश्नाबद्दल म्हणाल तर ओवीकारांचं वाचून 'खरेपणा अनिर्णित' असं लिहायचं ठरवते आहे. कोणाला याहून मोकळं, कमी कोर्टकचेरीचं सुचलं तर सांगा, सूची महिनाअखेरीला द्यायची आहे.

---

आडकित्ता

'खरं-खोटं ठरायचंय.'